आप्पांची दुसरी दुर्बीण : सही करू की नको?

पत्र :

डॉक्टर, माझे वडील ६४ वर्षांचे. कराडजवळ आमची शेती आहे, मी स्वतः बँकेत नोकरीला. आप्पांना मधुमेह आहे. ताप-खोकल्याचं निमित्त झालं, तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला. श्वास पुरेना म्हणून कोल्हापूरच्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं, तिथे दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावला. स्टिरॉइडही चालू होतं. चौथ्या दिवशी एक्स-रेमध्ये डावं फुप्फुस सगळं पांढरं दिसलं, तेव्हा आयसीयूत खाटेवरच तोंडातल्या नळीतून दुर्बीण घालून चिकट कफाचा गोळा काढला. मी काचेतून बघत होते. मॉनिटरवर ऑक्सिजन ८२ पर्यंत खाली आला, अलार्म वाजायला लागला, माझे पाय गळाले. दुसऱ्या दिवशी फुप्फुस उघडलं. आज नववा दिवस. पुन्हा ताप आहे, उजव्या बाजूला नवीन डाग आलाय. आता डॉक्टर म्हणतात, परत दुर्बीण घालून फुप्फुस धुऊन ते पाणी तपासायला पाठवू, बुरशीची शंका आहे. एफआयओटू ५० आणि पीप ८ आहे असं सिस्टरांनी सांगितलं. आई म्हणते, आता त्यांच्या घशात काही घालू नका. काका म्हणतात, बिल वाढवायचे धंदे आहेत. भाऊ दुबईला आहे, तो म्हणतो, डॉक्टर म्हणतील ते सगळं कर. सही माझी मागतायत. मी काय करू?

एक मुलगी, कराड

उत्तर :

ताई, तुमचा मेल आला त्याच दिवशी मी तुम्हाला थोडक्यात उत्तर पाठवलं होतं. तुमच्या परवानगीने आता सविस्तर लिहिते आहे, कारण आयसीयूच्या दाराबाहेर नेमक्या याच प्रश्नाशी एकटी झुंजणारी माणसं पुष्कळ आहेत.

आधी माझं मत. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझा कल सही करण्याकडे आहे. आप्पांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टींनी माझं मत बनवलं : इन्फ्लुएन्झा, मधुमेह आणि स्टिरॉइड. त्याकडे येते.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण घरातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. आप्पांची पहिली दुर्बीण आणि आता करायची म्हणतात ती दुसरी, या दोन्हींचं यंत्र एक असलं तरी काम वेगळं आहे. पहिली हा उपचार होता, दुसरी ही तपासणी आहे. त्यामुळे ‘मागच्या वेळी फायदा झाला म्हणून पुन्हा करू’ हे भावाचं म्हणणं आणि ‘मागच्या वेळी ऑक्सिजन उतरला म्हणून नको’ हे आईचं म्हणणं, दोन्ही अर्धवट आहेत. या वेळी हिशोब नव्याने मांडायला हवा.

चौथ्या दिवशी काय झालं होतं ते बघा. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला नीट खोकता येत नाही. कफ घट्ट होतो, मोठ्या श्वासनलिकेत अडकून बसतो आणि त्याच्या पुढच्या भागात हवा जाणंच बंद होतं. पाटात पालापाचोळा अडकला की पुढचे वाफे कोरडे राहतात, तसं. एक्स-रेमध्ये तो भाग पांढरा दिसतो. अशा वेळी प्रत्येकाला लगेच दुर्बीण लागते असं मात्र नाही. १९७९ साली अमेरिकेत ३१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा एखादा भाग असा मिटल्यावर काहींची दुर्बिणीने सफाई करून शिवाय छातीचा फिजिओ केला, काहींना नुसताच जोरदार फिजिओ दिला. दोन्ही गटांतली फुप्फुसं जवळपास सारखीच उघडली. अभ्यास छोटा होता, पण त्याने आम्हा छातीच्या डॉक्टरांना एक चांगली सवय लावली : आधी फिजिओ, कूस बदलणं, वाफारा, नळीतून सक्शन, आणि त्याने भागलं नाही तर दुर्बीण. तुमच्या आप्पांचं एक अख्खं फुप्फुस मिटलं होतं आणि ते व्हेंटिलेटरवर होते. तिथे वाट बघत बसण्याइतकी सवड नसते. ती दुर्बीण करणं मला योग्य वाटतं आणि दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेने ते दाखवूनही दिलं.

आता दुसरी. या वेळी दुर्बीण उजव्या बाजूच्या डागापर्यंत नेतील, एका छोट्या फांदीच्या तोंडाशी घट्ट टेकवतील आणि तिथून सलाइनचं पाणी थोडं थोडं करून आत सोडतील. एकूण साधारण १०० ते २०० मिलिलिटर. ते सगळं परत येत नाही, काही भाग शरीर शोषून घेतं, बाकीचं परत ओढून बाटलीत गोळा करतात. याला बॅल म्हणतात. फुप्फुसाच्या अगदी टोकाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांमध्ये काय चाललंय याचा हा नमुना.

आणि इथे तुमच्या काकांच्या शंकेत तथ्य आहे, हे मी मोकळेपणाने सांगते. व्हेंटिलेटरवर असताना ताप आला आणि नवीन डाग दिसला की पहिला संशय हॉस्पिटलातल्या जंतूंनी झालेल्या न्यूमोनियाचा. त्यासाठी दर वेळी दुर्बीण लागत नाही. नळीत सक्शनची बारीक नळी घालून ओढलेला कफ कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवला तरी बहुतेक वेळा काम भागतं. २००६ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमधल्या ७४० रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचा नमुना दुर्बिणीने घेतला, अर्ध्यांचा साध्या सक्शनने. २८ दिवसांत पहिल्या गटातले १८.९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले १८.७ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांचाही कल साध्या नमुन्याकडेच आहे. त्याआधी, २००० साली, फ्रान्समधल्या एका अभ्यासात मात्र दुर्बिणीच्या बाजूने निकाल आला होता, म्हणून या विषयावर आमच्यात अजूनही वाद होतात. पण साध्या जंतूंच्या न्यूमोनियासाठी कुणी प्रत्येक रुग्णाची दुर्बीण करत सुटलं असेल, तर ‘का?’ असं विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

मग माझा कल तरी सहीकडे का? कारण त्या ७४० जणांच्या अभ्यासात प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. आप्पांसारख्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर तो अभ्यास देत नाही.

गंभीर इन्फ्लुएन्झानंतर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी फुप्फुसात शिरते, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झालंय. या बुरशीचे बीजकण तुमच्या-माझ्या श्वासातून रोज आत जातात. गवताच्या गंजीत, शेणखतात, ओल्या भिंतीवर ती असतेच, आणि धडधाकट माणसाचं ती काही बिघडवत नाही. पण फ्लूने श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून निघालेलं असतं, वर स्टिरॉइडने पांढऱ्या पेशी सुस्तावतात, मधुमेह असेल तर आणखी भर. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या आयसीयूंत गंभीर इन्फ्लुएन्झाच्या ४३२ रुग्णांची पाहणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८३ जणांना, म्हणजे १९ टक्क्यांना, ही बुरशी होती. ज्यांना ती झाली त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. आकडा तिकडचा आहे, आपल्याकडे तो तसाच असेल असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांना शंका आली हे चांगलंच झालं, उशिरा येण्यापेक्षा आता आली.

ही बुरशी साध्या कफाच्या तपासणीत पकडणं अवघड असतं. सक्शनच्या नमुन्यात ती सापडली तरी ती खरंच फुप्फुसात घुसली आहे की नुसती नळीत बसली आहे, हे कळत नाही. तिचा एक अंश रक्तात शोधता येतो, त्या तपासणीला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. पण आप्पांसारख्या रुग्णांत रक्तातली ही तपासणी पुष्कळदा निगेटिव्ह येते आणि फुप्फुस धुतलेल्या पाण्यात तीच पॉझिटिव्ह येते. शिवाय दुर्बिणीतून डोळ्यांनी बघता येतं. श्वासनलिकेच्या भिंतीवर पांढरे-पिवळट चट्टे, पापुद्रे दिसले तर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करता येतं. हे काम दुसरी कुठलीही तपासणी करू शकत नाही.

आणि बुरशीही एकच नाही. २०२१ च्या कोविडच्या लाटेत आपल्या महाराष्ट्रात काळ्या बुरशीने, म्युकरने, काय केलं ते घरोघरी माहीत आहे. तेव्हा नाक आणि डोळे हा तिचा मुख्य मुक्काम होता, पण मधुमेही माणसाच्या फुप्फुसातही ती होते. अ‍ॅस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं आणि ते मूत्रपिंडांना जपून द्यावं लागतं. शिवाय आपल्या देशात नव्या डागामागे क्षय असू शकतो, तो त्याच पाण्यातून सीबीनॅट नावाच्या तपासणीने काही तासांत कळतो. तेव्हा या नमुन्यावर तीन वेगवेगळ्या औषधांच्या वाटा अवलंबून आहेत. म्हणून मी सही करा म्हणते. ‘आत जे सापडेल त्याने उद्याच्या औषधात काय बदल होईल?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. मी वर लिहिलं त्या धर्तीचं उत्तर आलं तर निर्धास्तपणे सही करा. ‘बघू काय निघतंय’ एवढंच उत्तर आलं, तर आधी सक्शनचा कफ कल्चरला पाठवलाय का, त्याचा निकाल काय, हे विचारा आणि तो हातात येईपर्यंत थांबायला हरकत नाही.

आता त्या ८२ कडे येऊ. मला वाटतं तुमच्या पत्राचं खरं कारण तेच आहे. काचेच्या पलीकडून आपल्या माणसाचा आकडा घसरताना बघणं फार कठीण असतं आणि त्या क्षणी तुम्हाला बाजूला घेऊन समजावून सांगणारं कुणी नव्हतं. ते आता मी सांगते.

मोठ्या माणसाची दुर्बीण साधारण पावणेसहा मिलिमीटर जाडीची असते. आप्पांच्या तोंडातल्या नळीचा आतला व्यास बहुधा ८ मिलिमीटर असेल. दुर्बीण आत गेली की नळीची जवळजवळ निम्मी जागा ती अडवते. नळी ७ ची असेल तर दोनतृतीयांश जागा जाते. म्हणजे व्हेंटिलेटरची हवा उरलेल्या फटीतून आत-बाहेर करते. त्यात दुर्बिणीतून सक्शन केलं की कफाबरोबर हवाही ओढली जाते. अशा स्थितीत ऑक्सिजन काही वेळ उतरणं हे अपेक्षितच असतं आणि म्हणूनच सुरू करण्याआधी ऑक्सिजन १०० टक्के करून ठेवतात. त्यामुळे नुसता ८२ हा आकडा मला फार काही सांगत नाही. तो किती वेळ राहिला, दुर्बीण बाहेर घेतल्यावर किती मिनिटांत वर आला, त्या वेळी नाडी आणि रक्तदाब कसे होते, यावर सगळं आहे. मिनिटभर उतरून लगेच ९५ झाला असेल, तर ती प्रक्रियेची नेहमीची किंमत आहे. दहा मिनिटं तिथेच रेंगाळला असेल किंवा नाडी मंदावली असेल, तर या वेळी जास्त सावध राहायला हवं. हे आयसीयूच्या नोंदींत लिहिलेलं असतं. विचारा, सांगतील. एक चांगली बाब अशी की त्या दिवशी एक अख्खं फुप्फुस बंद होतं, एकाच फुप्फुसावर सगळा भार होता. आज डावं उघडं आहे, त्यामुळे या वेळी आप्पांकडे राखीव ताकद थोडी जास्त आहे. पण धुण्याच्या पाण्यामुळे ऑक्सिजनची गरज नंतरचे काही तास वाढलेली राहू शकते, तेही लक्षात असू द्या.

तुम्ही एफआयओटू ५० आणि पीप ८ लिहिलंत, त्याबद्दल तुमचं कौतुक वाटलं. पहिला आकडा म्हणजे दिल्या जाणाऱ्या हवेत किती टक्के ऑक्सिजन आहे, दुसरा म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून ठेवलेला दाब. ५० आणि ८ म्हणजे आणखी वर जायला जागा आहे. हेच आकडे ९० आणि १४ असते तर मी तुम्हाला उलट सल्ला दिला असता : आज नको, दुसरा मार्ग विचारा. दुर्बिणीच्या दिवशी सकाळी हे आकडे पुन्हा विचारून घ्या, कारण आयसीयूत कालचा आकडा आज शिळा असतो. त्याबरोबर रक्तदाब टिकवायला औषध चालू आहे का, असल्यास त्याचा डोस वाढतोय की कमी होतोय, प्लेटलेट किती आहेत, रक्त पातळ करणारी औषधं कोणती चालू आहेत, हेही. नुसतं धुऊन पाणी घ्यायचं असेल तर २० हजार प्लेटलेटवरही साधारणपणे चालतं. तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढायचा असेल तर ५० हजारांच्या वर हव्यात. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, हृदयाचे ठोके अनियमित होऊन आवरत नसतील, मेंदूत दाब वाढलेला असेल किंवा दम्यासारखी छाती घट्ट आवळली असेल, तर आम्ही शक्यतो थांबतो. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

आणखी एक, जे मी स्वतःच्या नातेवाइकासाठी नक्की बघेन : दुर्बीण धरणारा एक डॉक्टर आणि फक्त व्हेंटिलेटर व मॉनिटरकडे लक्ष ठेवणारा दुसरा. एकाच माणसाने दोन्ही करायचं म्हटलं की डोळे दुर्बिणीच्या पडद्यात अडकतात. ‘त्या वेळी व्हेंटिलेटर कोण बघणार?’ असं साध्या शब्दांत विचारलंत तर कुणाला राग येणार नाही.

आता तुकड्याबद्दल. बॅल आणि तुकडा काढणं, म्हणजे बायॉप्सी, या दोन गोष्टींची जोखीम एकसारखी नाही. व्हेंटिलेटरचा दाब चालू असताना फुप्फुसाचा तुकडा काढला तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका बराच वाढतो, मग बरगड्यांमधून नळी टाकावी लागते. रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं ‘ब्रॉन्कोस्कोपी आणि आवश्यक ते सर्व’ असं असेल तर तिथेच विचारा, ‘बायॉप्सी करणार आहात का?’ नसेल तर तसं लिहून घ्या. संमती कशासाठी, ते स्पष्ट असायला हवं आणि तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. डॉक्टरांशी भांडायला हे सांगत नाही. सही करताना तुमचा हात थरथरू नये म्हणून सांगते आहे.

आईंचं म्हणणं मी शेवटी ठेवणार नाही, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांना जोखीम-फायदा विचारायचा नाहीये. त्यांना विचारायचंय की त्यांच्या माणसाला त्रास होईल का. त्यांना सांगा : घशातली नळी तीच राहणार, नवीन काही घशात घुसवणार नाहीत, दुर्बीण त्या नळीच्या आतून जाणार. त्याआधी झोपेचं आणि वेदनेचं औषध वाढवतात, श्वासनलिकेत बधिरतेचं औषध सोडतात, कधी खोकला येऊ नये म्हणून स्नायू सैल करणारं औषधही देतात. हे शेवटचं द्यायचं ठरलं तर झोपेचं औषध आधी पुरेसं दिलेलं असलंच पाहिजे, आणि हे तुम्ही आईंच्या वतीने मुद्दाम विचारा : ‘आप्पा पूर्ण झोपेत असतील ना?’ सगळं मिळून साधारण पंधरा-वीस मिनिटांचं काम. नंतर शक्य असेल तर आईंना पाच मिनिटं आत जाऊ द्या म्हणावं, हात धरू दे. आयसीयूच्या नियमांत एवढी जागा असते.

काकांना हॉस्पिटलवर राग आहे, तो कुठून तरी आलेला असणार, त्याची टिंगल करू नका. त्यांनाच काम द्या. बिलिंगच्या खिडकीवरून लेखी अंदाज घेऊन यायला सांगा : दुर्बिणीची फी किती, सामानाचे किती, आणि बॅलच्या प्रत्येक तपासणीचे वेगळे किती. खर्चाचा मोठा भाग अनेकदा या तपासण्यांचाच असतो. क्षयाची सीबीनॅट सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत होते, नमुन्याचा एक भाग तिकडे पाठवता येईल का, हे विचारायला काहीच लागत नाही. २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी सुधारणा नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. काकांना ते वाचू दे. हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, त्यालाही भेटावं. भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण डॉक्टर समोर असताना, म्हणजे तुम्हाला निरोप्याचं काम करावं लागणार नाही. चौघांनी एकदाच, एकत्र ऐकलेलं उत्तर हे चार जणांना चार वेळा सांगितलेल्या उत्तरापेक्षा फार बरं.

दुर्बिणीच्या स्वच्छतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणार, कारण इतर वाचकांनाही ते लागेल. एकाच्या फुप्फुसातून निघालेली दुर्बीण दुसऱ्याच्या फुप्फुसात जाते. तिच्या आतली अरुंद वाहिनी आधी ब्रशने घासून धुवावी लागते आणि त्यानंतर ती जंतुनाशकात ठरलेला वेळ बुडवून ठेवावी लागते, २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड असेल तर निदान २० मिनिटं. घासणं राहिलं तर बुडवून उपयोग नाही. एकदाच वापरून टाकून द्यायच्या दुर्बिणीही आता मिळतात. खर्च आणि प्रतिमेची स्पष्टता यांत फरक पडतो, पण चिवट जंतूंच्या आयसीयूत त्या सोयीच्या आहेत. कोणती वापरणार, हे विचारण्यात वावगं काही नाही.

समजा सगळं ऐकून तुमचं कुटुंब ‘नको’ या निर्णयावर आलं. तरी आप्पांच्या उपचाराचं दार बंद होत नाही. दुर्बिणीशिवाय, एक बारीक नळी अंदाजाने आत नेऊनही थोडं धुऊन नमुना घेता येतो, त्याला मिनी-बॅल म्हणतात. नेमका डागाचा भाग मिळेल याची खात्री नसते, पण सक्शनच्या कफापेक्षा बरा. रक्तातली गॅलॅक्टोमॅनन आणि तब्येत सोसत असेल तर छातीचा सीटी, यावरून अंदाज बांधून बुरशीचं औषध सुरू करता येतं. व्होरिकोनॅझोलचा यकृतावर परिणाम होतो, इतर औषधांशी ते भांडतं, म्हणून आंधळेपणाने देणं डॉक्टरांना आवडत नाही, पण वेळ पडली तर देतात. त्यामुळे ‘मी नाही म्हटलं आणि आप्पांना काही झालं तर’ हे ओझं घेऊन सहीच्या टेबलाशी जाऊ नका. तसंच सही केल्यावर काही बिनसलं, तर ते तुमच्या सहीमुळे झालं असं कुणी म्हणायचं नाही, आणि कुणी म्हणालं तर हा मजकूर त्याच्या हातात द्या. आप्पा आजारी आहेत ते फ्लूने.

सही झाली तर पुढचे दोन दिवस कसे जातील तेही ऐकून ठेवा, म्हणजे घाबरायला होणार नाही. फुप्फुस धुतल्यावर काही तासांनी काहींना थंडी वाजून ताप येतो. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत धुतलेला भाग आधीपेक्षा जास्त पांढरा दिसू शकतो, कारण तिथे थोडं पाणी उरलेलं असतं, ते एक-दोन दिवसांत जातं. कफात थोडा गुलाबी रंग दिसू शकतो. लाल रक्त येत राहिलं, ऑक्सिजन पुन्हा पुन्हा उतरू लागला किंवा रक्तदाब घसरला, तर मात्र ते वेगळं आहे आणि आयसीयूतली मंडळी त्यावर लगेच धावतील.

रिपोर्टही एकदम येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का, हे त्याच दिवशी कळतं. सीबीनॅटही लवकर. जंतूंचं कल्चर दोन-तीन दिवसांनी, गॅलॅक्टोमॅनन प्रयोगशाळेवर अवलंबून, आणि बुरशीच्या कल्चरचा अंतिम निकाल आठवड्यांनी. मला काळजी वाटते ती इथेच. नमुना नीट घेतला जातो, मग शनिवार-रविवार येतो, ड्युटी बदलते, आणि एखादा रिपोर्ट संगणकात पडून राहतो. तुम्ही एक कागद घ्या, कोणकोणत्या तपासण्या पाठवल्या त्यांची नावं सिस्टरांकडून लिहून घ्या, आणि रोजच्या राउंडला एकेकाबद्दल विचारा. जंतू निगेटिव्ह आले तर चालू असलेल्या प्रतिजैविकांपैकी कोणतं बंद करणार, हेही विचारा. निगेटिव्ह रिपोर्टचाही उपयोग व्हायला हवा. रिपोर्टच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, पण एवढ्यावर जायची वेळ सहसा येत नाही, सिस्टरच फोटो काढू देतात.

आणखी काही दिवसांनी व्हेंटिलेटर निघण्याची चिन्हं दिसली नाहीत, तर गळ्याला छोटं छिद्र करून तिथून नळी बसवायचा विषय निघेल, ट्रॅकिओस्टॉमीचा. तीही हल्ली खाटेवरच होते आणि सुई बरोबर मध्यभागी जातेय ना हे बघायला बरेच डॉक्टर तेव्हा दुर्बीण वापरतात. ती तिसरी दुर्बीण, तिचं कारण तिसरं, आणि तिच्यासाठी पुन्हा नवा फॉर्म. तेव्हा मला जरूर लिहा.